मदत हवी आहे: जुनी वेकबोर्ड बोट घेताना काय बघू?
मंडळी, टेक्सासमधल्या ऑस्टिनकडचे कुणी बोटवाले आहेत का इथे? पोरांना लेक ट्रॅव्हिसवर वेकबोर्डिंगचं (बोटीमागे दोरी धरून फळीवर उभं राहून पाण्यावर घसरायचं) वेड लागलंय, दर वेळी भाड्याची बोट परवडेना म्हणून जुनी बघतोय, बजेट २० हजार डॉलरच्या आत. एक २००५ ची मूम्बा मोबियस बघितली, टॉवर (दोरी बांधायची उंच कमान), बॅलास्ट (लाट मोठी करायला बोटीत भरायचं पाण्याचं वजन) सगळं आहे, पण इंजिन ब्लॉकला एकाच बाजूनं ताजा रंग मारलाय आणि मालक म्हणतो उगाच जरा चकाचक केलं 😅 फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत इंजिनातलं पाणी न काढलेल्या बोटींचे ब्लॉक आत बर्फ होऊन तडकले होते ना, तसलं काही झाकलं नसेल ना? कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजायची) करणारच, पण बाहेरची चीर त्यात कळते का? तळ्यात उतरवून किती वेळ चालवून बघू? आणि बोट तपासणारा सर्व्हेयर लावू का साधा मेकॅनिक पुरे? शनिवारी परत जायचंय, लवकर सांगा प्लीज.