ऑफिसच्या गोंगाटात कानाला काय लावता? परवडणाऱ्या हेडफोनचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी,

आमचं ऑफिस बाणेरला, एकाच लांबलचक हॉलमध्ये. साठेक माणसं, मध्ये एकही पार्टिशन नाही. माझ्या पाठीमागे सेल्सची टीम बसते आणि त्यांचं कामच दिवसभर फोनवर बोलायचं. डोक्यावर एसीची जाळी. मी अकाउंट्सला आहे. बँकेचं स्टेटमेंट आणि लेजर जुळवत असताना मागून कोणी 'अठरा हजार पाचशे' म्हणालं की माझ्या डोक्यातला आकडा पुसला जातो आणि पुन्हा वरून सुरुवात करावी लागते. संध्याकाळी घरी पोचते तेव्हा मुलीशी बोलायचंही त्राण उरलेलं नसतं.

मागच्या महिन्यात १,२९९ रुपयांचे ब्लूटूथ बड्स घेतले. खोक्यावर 'नॉइज कॅन्सलेशन' असं ठळक छापलेलं. कानात घातले तर मागचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येत होतं. परत करायला गेले तर उत्तर मिळालं की कानात घालायची वस्तू आहे, पैसे परत नाहीत, फक्त बदलून मिळेल. आता ३,००० रुपयांच्या आत नीट काहीतरी घ्यायचं आहे.

नुसती मॉडेलची नावं नकोत. तुमच्याकडे आवाज कसला आहे, किती तास लावता, काय घेऊन पस्तावलात आणि शेवटी काय टिकलं, ते सविस्तर लिहा. माझ्यासारख्या अजून बऱ्याच जणांना त्याचा उपयोग होईल.

हिंजवडी, एम्बेडेड सॉफ्टवेअर

ताई, तुमच्या खोक्यावर बारीक अक्षरात 'ईएनसी' लिहिलंय का बघा. ते माईकसाठी असतं. तुम्ही फोनवर बोलताना तुमच्याभोवतीचा गलका पलीकडच्याला कमी जातो, एवढंच त्याचं काम. तुमच्या कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. आपल्याला हवं असतं ते एएनसी. त्यात बाहेरच्या बाजूचा छोटा माईक आवाज टिपतो आणि आतला स्पीकर बरोबर उलटी लाट सोडतो, म्हणजे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. बोस ही स्पीकर-हेडफोनची कंपनी काढणाऱ्या अमर बोस यांनी १९७८ साली झ्युरिकहून परतताना विमानात बसल्या बसल्या याचं गणित मांडायला घेतलं होतं. विमानाचा आवाज जाड आणि एकसुरी असतो. असा आवाज एएनसी फार छान कापतं.

आणि मेख तिथेच आहे. मी सीएमएफ कंपनीचे एएनसीवाले बड्स घेतले, अडीच हजारांच्या आसपास पडले. चिंचवडहून कंपनीच्या बसमध्ये बसलो की इंजिनाची घरघर गायब. ऑफिसात एसी गायब. पण शेजारच्या टेबलावरचं बोलणं आधीपेक्षा जास्त स्पष्ट ऐकू यायला लागलं! घरघरीखाली दबलेलं सगळं उघडं पडलं. माणसाचं बोलणं वरच्या पट्टीत असतं आणि क्षणाक्षणाला बदलतं, तिथे उलटी लाट पुरी पडत नाही. ते अडवायचं तर कानाचं भोक नीट बंद व्हायला हवं. बड्सच्या टोकाची सिलिकॉनची रबरं काढून मेमरी फोमच्या, म्हणजे दाबल्यावर हळूहळू फुगणाऱ्या स्पंजच्या, टिप्स घातल्या तेव्हा फरक पडला.

खोक्यावरच्या ४२ किंवा ५० डेसिबलच्या आकड्यावर भाळू नका. सर्वांत जास्त कपात ज्या पट्टीत होते तिथला तो आकडा असतो, सगळ्या आवाजांना तो लागू होत नाही.

नाशिक, अंबड एमआयडीसी, क्वालिटी लॅब

माझं टेबल काचेच्या केबिनमध्ये, पण भिंतीपलीकडे प्रेस शॉप, म्हणजे धातूचा पत्रा दाबणाऱ्या मशीनचा विभाग. आम्ही फोमचे इअरप्लग वापरतो. थ्रीएमचे दोरीवाले १११० आहेत, त्यांचं आवाज कमी करण्याचं रेटिंग २९ डेसिबल. एका जोडीला वडापाव-चहाएवढे पैसे पडतात. हेडफोनवर हजारो रुपये घालण्याआधी प्रत्येकाने आठवडाभर हे लावून बघावं असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला नेमकं काय छळतंय ते तेवढ्यात कळतं.

पण लावायची पद्धत आहे. नव्वद टक्के लोक नुसतं बोटाने ढकलतात आणि म्हणतात काही फरक नाही. आधी हात धुवा. प्लग दोन बोटांत फिरवून अगदी बारीक वातीसारखा करा. दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे आतली वाट सरळ होते. मग वात आत सरकवा आणि ती फुगेपर्यंत, वीस-तीस सेकंद, बोटाने धरून ठेवा. नीट बसलं की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो. घुमला नाही तर काढून पुन्हा लावा. आमच्या सेफ्टी ऑफिसरने हे मला तीनदा करायला लावलं, तेव्हा कुठे जमलं.

बंगळुरू, मूळ सातारा

चष्मेवाल्यांनी कानावर बसणारे मोठे हेडफोन घेण्याआधी चष्मा लावूनच बघा. चष्म्याची काडी पॅडखाली गेली की फट पडते आणि तिथूनच सगळा आवाज आत येतो. जाड काडीच्या चष्म्याने मी वर्षभर हेच सोसलं, दोष हेडफोनला देत राहिलो. बारीक तारेची फ्रेम केली आणि तोच हेडफोन बरा वाटायला लागला.

वजनही बघा. मी आता सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन वापरतो, तो १९२ ग्रॅमचा आहे. तुमच्या बजेटच्या बाहेर आहे, पण सहा तासांनंतरही मान दुखत नाही.

ठाणे, ट्रान्सक्रिप्शन आणि सबटायटल

माझं पोटच कानांवर आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

मी वायरवालेच वापरते. मूनड्रॉप कंपनीचा 'चू' नावाचा इअरफोन, दोन हजारांच्या आत मिळतो. बॅटरी संपत नाही आणि आवाजाला उशीर होत नाही. एएनसी मुळीच नाही, तरी शेजारच्या डेस्कवरचे शब्द कळेनासे होतात, कारण टिप नीट बसलेली असते. सगळी करामत त्या इवल्याशा टिपेची आहे. खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशा तीन जोड्या येतात आणि बहुतेक जण मधली लावून मोकळे होतात. माझा डावा कान मध्यम मागतो, उजवा लहान. हे कळायला मला चार वर्षं लागली. तोवर उजवीकडे गाण्यातला तबल्याचा डग्गा पोकळ वाजायचा आणि मला वाटायचं इअरफोन खराब आहे.

म्हणून परीक्षा अशी करा. डग्गा किंवा ढोलकी ठळक असलेलं ओळखीचं गाणं लावा. दोन्ही बाजूंना घुमारा सारखा आला पाहिजे. मग गाणं बंद करून कानाजवळ चुटकी वाजवा. एका बाजूला चुटकी जास्त स्पष्ट आली तर त्या बाजूची टिप बदला.

वायरचा एक त्रास मात्र आहे. वायर मंगळसूत्राला, ओढणीला, कुर्त्याच्या बटणाला घासली की ते खरखरणं थेट कानात येतं. वायर खाली सोडू नका. कानावरून मागे घ्या, मानेमागून खाली आणा. खरखर जवळजवळ जाते.

फोमच्या टिप्स दोन-तीन महिन्यांत मळतात, कडक होतात आणि बदलाव्या लागतात. तेवढे पैसे धरूनच हिशोब करा.

दादर, बँकेचं बॅक ऑफिस

विकत घेण्याआधी आयटीवाल्यांना विचारा. आमच्याकडे कंपनीच्या पीसीवर ब्लूटूथ बंद आणि मोबाईल लॉकरमध्ये. माझे नवे वायरलेस बड्स सहा महिने बॅगेत पडून होते. शेवटी ३.५ मिमी जॅकवालाच घेतला.

चिपळूण, नगररचना सल्लागाराचं ऑफिस

कोकणातल्यांसाठी आणि मुंबईच्या दमट हवेत राहणाऱ्यांसाठी कळकळीने लिहितोय. दोन वर्षांपूर्वी जुलैत मी कानात घट्ट बसणारे बड्स रोज सात-आठ तास लावायचो. सकाळी अंघोळ केली की ओल्या कानातच घालायचे आणि निघायचं. आधी खाज, मग दडा बसला, मग ठणका. ईएनटी डॉक्टरांनी बघून सांगितलं, बुरशी. तीन आठवडे औषध, कानात काहीही घालायचं नाही. मी त्याआधी कापसाच्या काडीने कोरत बसायचो, त्याने आणखी बिघडलं होतं.

तेव्हापासून पावसाळ्यात मी कानाभोवती बसणारा, बाहेरची बाजू बंद असलेला हेडफोनच वापरतो. कानातले बाकीच्या दिवसांत, तेही कान पूर्ण कोरडे झाल्यावर आणि दर तासाला पाच-दहा मिनिटं काढून. सिलिकॉनच्या टिप्स आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुवायच्या आणि पूर्ण वाळवूनच परत लावायच्या. दुसऱ्याचे बड्स मागून लावू नका, आपले देऊ नका.

मोठ्या हेडफोनचं दुखणं वेगळं. दुसऱ्या पावसाळ्यात पॅडचं रेक्झिन सोलायला लागतं, काळे कपचे गालाला चिकटतात. हेडफोन टाकू नका. पॅडची लांबी-रुंदी पट्टीने मोजा, नुसते पॅड तीन-चारशेत मिळतात.

पुणे, नळस्टॉप, डिझाइन स्टुडिओ

मीटिंगवाल्यांसाठी एक गोष्ट. ब्लूटूथ हेडफोनवर गाणं छान वाजत असतं आणि कॉल सुरू झाला की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. मी दोन हेडफोन खराब समजून बदलले. खराब नव्हतेच. हेडफोनचा माईक चालू झाला की ब्लूटूथ बोलण्याच्या हलक्या दर्जाच्या जोडणीवर जातं. कॉलच्या सेटिंगमध्ये माईक लॅपटॉपचा निवडा आणि स्पीकर हेडफोनचा ठेवा. फार गोंगाट असेल तर पलीकडच्याला त्रास होतो, पण निम्म्या कॉलना चालून जातं.

औंध, मूळ सोलापूर, टेक्निकल रायटर

माझ्या कानात कायम बारीक शिट्टी वाजते. पूर्ण शांतता मला सोसत नाही, शिट्टी मोठी होते. इअरप्लगने म्हणूनच मला त्रास झाला. ज्यांना असं होतं त्यांनी घाबरू नका, पण एकदा कान तपासून घ्या.

मला उपयोगी पडलं ते असं: फोमच्या टिप्स आणि त्यात पावसाचा आवाज, अगदी हळू. आधी सैल बसणारे इअरफोन होते, तेव्हा ऑफिसचा गलका बुडवायला मी आवाज नव्वद टक्क्यांवर न्यायचो, आठ तास. आता चाळीसच्या वर जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सुरक्षित ऐकण्याचा हिशोब मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असा आहे, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ऑफिसचे तास नेमके तेवढेच भरतात, म्हणून बाहेरचा आवाज अडवणं मला गाण्याच्या दर्जापेक्षा कितीतरी महत्त्वाचं वाटतं. कान गेले की परत येत नाहीत.

कोल्हापूर, टीम लीड

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. टीममधल्या मुलांनी हेडफोन लावले की मला सुरुवातीला राग यायचा. हाक मारून उत्तर नाही. मग बसून ठरवलं. ११ ते १ कोणी कोणाला हाक मारायची नाही, काम असेल तर मेसेज टाकायचा. दुपारनंतर एक कान मोकळा. मुलांना हेडफोन का लागतात हे मी कधी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर कळलं की त्रास माझ्याच फोनवरच्या बोलण्याचा होता. आता मी गॅलरीत जाऊन बोलतो.

बाणेर, धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहितेय, कारण करून बघूनच लिहायचं ठरवलं होतं.

खोक्यावर खरंच बारीक अक्षरात ईएनसीच होतं. नाशिकच्या दादांचं ऐकून आधी प्लग आणले. पहिले दोन दिवस नीट बसले नाहीत, तिसऱ्या दिवशी आवाज घुमला आणि एकदम समजलं: एसीचा मला काहीच त्रास नव्हता. त्रास आकड्यांचा होता. माणसांच्या तोंडचे आकडे. म्हणजे एएनसीसाठी जास्तीचे पैसे घालण्यात माझ्यापुरता अर्थ नव्हता.

मग वायरवाला चू घेतला आणि वेगळ्या फोमच्या टिप्स. दोन्ही मिळून ३,००० च्या आतच राहिले. वायर कानावरून मागे. काल मार्चचं पूर्ण स्टेटमेंट एका बैठकीत जुळलं, एकदाही वरून सुरुवात करावी लागली नाही. ११ ते १ चा प्रस्ताव मॅनेजरांपुढे ठेवला आहे, सोमवारी बोलू म्हणालेत.

एक अडचण राहिली आहे. चार वाजले की डावा कान आतून दुखायला लागतो. लहान आकाराची फोम टिप लावून बघितली तर ती सैल होऊन बाहेर येते, मध्यम दाबते. ठाण्याच्या ताई, तुमच्या उजव्या कानाला फोम कोणता बसला? की त्या बाजूला सिलिकॉनच ठेवलं आहे?