‘उड्डाणक्षमता’ की ‘उड्डाणयोग्यता’? विमानाच्या सुट्या भागांच्या कागदांसाठी मराठी शब्द

प्रश्न (भोसरी) : आमच्या कारखान्यात विमानाच्या सुट्या भागांचे मशिनिंग होते आणि तपासणी विभागात नव्याने आलेल्या मुलांसाठी मी कागदपत्रांविषयी एक मराठी टिपण लिहीत आहे. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेचा (ईएएसए) फॉर्म १, अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा (एफएए) फॉर्म ८१३०-३ आणि आपल्याकडच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा सीए फॉर्म १ हे भागासोबत जाणारे कागद इंग्रजीतच भरले जातात, तेव्हा फॉर्म बदलण्याचा प्रश्न नाही. परंतु ‘एअरवर्दीनेस अप्रूव्हल’ म्हणजे काय हे मराठीत सांगताना मी ‘उड्डाणक्षमता मंजुरी’ असे लिहिले आणि ते मलाच पटेना. शिवाय नटबोल्टला ‘उड्डाणक्षम’ म्हटले की मुले हसतात.

उत्तर (सदाशिव पेठ) : मुलांचे हसणे रास्त आहे. ‘क्षमता’ म्हणजे अंगी असलेले बळ. ज्याला उडता येते ते उड्डाणक्षम. त्या अर्थाने पाखरूही उड्डाणक्षमच. येथे मात्र ‘उडू देण्याच्या लायकीचे’ असा अर्थ हवा. ‘अर्ह’ हा शब्द अगदी नेमका बसतो आणि ‘शैक्षणिक अर्हता’मुळे परिचितही आहे, पण ‘उड्डाणार्हता’ कारखान्यात कोणी उच्चारील असे वाटत नाही. ‘उड्डाणयोग्यता’ घ्यावा. ‘योग्य’ हा शब्द जोडणे, जुळणे या अर्थाच्या ‘युज्’ धातूपासून आला आहे, आणि ठरलेल्या मापाशी जुळण्याची ती छटा येथे उपयोगी पडते.

उत्तर (लोहगाव) : मी विमानांच्या देखभालीत काम करतो. वरच्या उत्तरातील ‘जुळणे’ हाच या व्याख्येचा अर्धा भाग आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट ८ मध्ये विमान, इंजिन, प्रोपेलर किंवा सुटा भाग यांच्या उड्डाणयोग्यतेसाठी दोन अटी एकत्र घातलेल्या आहेत : वस्तू मंजूर आराखड्याशी जुळणारी असावी आणि सुरक्षित वापराच्या स्थितीत असावी. म्हणून एखादा बोल्ट कितीही मजबूत असला, तरी तो कोणत्या आराखड्यानुसार बनला याचा पुरावा नसेल तर तो उड्डाणयोग्य ठरत नाही. ‘क्षमता’ या शब्दात पहिली अट येतच नाही.

‘मंजुरी’ मात्र काढाच. मंजुरी म्हटले की हा भाग विमानात बसवायला परवानगी मिळाली, असे वाचणाऱ्याला वाटते; आणि केवळ या कागदाने भाग बसवण्याचा अधिकार मिळत नाही, असे त्या फॉर्मवरच बजावलेले असते. बसवणाऱ्याने आपली खातरजमा स्वतंत्रपणे करायची असते. हा कागद म्हणजे ‘दाखला’ आहे. सही करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेने त्या घटकेला भाग कसा होता याची दिलेली ग्वाही. जन्माचा दाखला असतो, जन्माची मंजुरी नसते.

तुमच्या टिपणात आणखी एक वाक्य हवे. अशी मान्यता नसलेल्या पुरवठादाराने आपल्या मालासोबत दिलेले, आम्ही सारे ‘सीओसी’ म्हणतो ते अनुरूपता प्रमाणपत्र, हे फॉर्म १ च्या जागी चालत नाही. दोन्हींना ‘सर्टिफिकेट’ म्हणण्याच्या सवयीमुळे नवी मुले येथेच फसतात.

प्रश्नकर्ता : ‘उड्डाणयोग्यता दाखला’ पक्के केले. आता रकान्यांविषयी विचारतो. बाराव्या रकान्यातील ‘रिमार्क्स’साठी ‘टिप्पणी’ लिहू का? आणि ‘ऑथोराइज्ड रिलीज सर्टिफिकेट’ या फॉर्मच्या नावातील ‘रिलीज’चे काय करावे? ‘मुक्तता’ म्हटले की येरवड्याची आठवण येते.

उत्तर (सदाशिव पेठ) : ‘शेरा’ असा घरचा शब्द असताना ‘टिप्पणी’ कशाला? तेथे लिहिण्यासारखे काही नसेल तर ‘निरंक’. हाही आपल्या सरकारी दप्तरातला जुना शब्द. ‘रिलीज’साठी ‘सोडपत्र’ मनात आले होते, पण हक्कसोडपत्रामुळे ते जमिनीच्या वादात जाऊन पडते. तो शब्द तसाच ठेवावा.

उत्तर (लोहगाव) : ‘निरंक’ उत्तम आहे, परंतु तो सगळीकडे चालवू नका. शेऱ्याच्या रकान्यात काही सांगायचे नसते तेव्हा ‘नन’ (None) लिहितात. तेथे ‘निरंक’ शोभेल. दहाव्या रकान्यात अनुक्रमांक लिहायचा असतो, आणि त्या भागाला अनुक्रमांक नसेल तर ‘एन/ए’ लिहितात, त्याचे मराठी ‘लागू नाही’ असेच करावे. पहिल्यात सांगण्याजोगे काही नाही, दुसऱ्यात प्रश्नच उद्भवत नाही. हा फरक मुलांना मराठीतून चटकन कळेल.

अकराव्या रकान्यात खरी अडचण आहे. तेथे भागाची स्थिती किंवा त्यावर झालेले काम एका ठरीव शब्दात लिहायचे असते, आणि ‘रिपेअर्ड’ व ‘ओव्हरहॉल्ड’ या दोन्हींना मराठीत ‘दुरुस्त केलेला’ म्हटले तर घोटाळा होतो. बिघडले तेवढे नीट करणे ही दुरुस्ती. ओव्हरहॉलमध्ये भाग पूर्ण सुटा करून, धुऊनपुसून, तपासून, लागेल तेथे दुरुस्त करून, पुन्हा जोडून त्याची चाचणी घ्यावी लागते. गॅरेजवालाही इंजिनाविषयी ‘ओव्हरहॉल केले’ असेच म्हणतो, तेव्हा टिपणातही तोच शब्द देवनागरीत ठेवून खाली ही कृती क्रमाने लिहावी.

प्रश्नकर्ता : तसेच करतो. ‘दुरुस्ती’ फक्त ‘रिपेअर’साठी राखून ठेवली आहे.