मदत हवी आहे: रमजानमध्ये इजिप्त, आईची औषधं आणि अबू सिंबल

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारी २०२७ मध्ये आईला घेऊन इजिप्तला जायचं ठरतंय. आई मूळची कोल्हापूरची, अंबाबाईचा किरणोत्सव लहानपणापासून बघत आलेली. इजिप्तच्या दक्षिणेला अबू सिंबलच्या प्राचीन देवळातही २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला सूर्यकिरणं थेट गाभाऱ्यातल्या मूर्तींपर्यंत पोचतात हे कळल्यापासून तिने फेब्रुवारीचाच धोशा लावलाय. तिची ही इच्छा मला पुरी करायचीच आहे. पण नेमका तेव्हा रमजान असेल. चंद्र दिसेल तसा ८ फेब्रुवारीच्या आगेमागे सुरू होईल.

आईचं वय ६८. मधुमेह आहे, दिवसा गोळ्या आणि रात्री इन्सुलिन. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चालते छान, पण दगदग झाली की डॉक्टरांनी लिहून दिलेली ट्रामाडोल-पॅरासिटामॉलची गोळी घेते. आम्ही दोघीच असू, ग्रुप टूर नाही.

तिला दर दोन-तीन तासांनी काहीतरी खावं लागतं. रोजे चालू असताना चारचौघांत खाल्लं तर चालतं का? इन्सुलिन कसं न्यायचं? अस्वान ते अबू सिंबल गाडीने जावं की विमानाने? आणि पिरॅमिडच्या आत तिला नेऊ का? कोणी रमजानमध्ये गेलं असेल तर जरूर लिहा.

प्रतिसाद

ताई, बाकी सगळं नंतर, आधी ती ट्रामाडोलची गोळी. ती इजिप्तला नेऊ नका. तिथे ट्रामाडोलवर कडक नियंत्रण आहे. २०१७ साली एका ब्रिटिश पर्यटक बाईंना सामानात या गोळ्या सापडल्या म्हणून तीन वर्षांची शिक्षा झाली होती. त्यांच्याकडे गोळ्या बऱ्याच होत्या हे खरं, पण आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मेडिकलमध्ये मिळणारी गोळी तिथे केवढी महागात पडू शकते ते यावरून कळतं. गोळीच्या नावावर जाऊ नका, स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा; दुखण्याच्या कितीतरी ब्रँडमध्ये ट्रामाडोल मिसळलेलं असतं. कोडीन असलेली खोकल्याची औषधंही वगळा. डॉक्टरांकडून पर्यायी गोळी आत्ताच लिहून घ्या आणि इथेच आठवडाभर घेऊन बघा, म्हणजे आईंना ती मानवते का ते कळेल. प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह हवं. गोळ्या डबीत काढू नका, स्ट्रिपमध्येच राहू द्या.

इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन सामानात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलं की वाया गेलं. आइसपॅकला पेन थेट टेकू देऊ नका.

खाण्याचं बिलकूल दडपण घेऊ नका. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा मुळातच माफ आहे, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. भर बाजारात उभं राहून खाण्यापेक्षा गाडीत किंवा हॉटेलात बसून खावं, एवढी मर्यादा पाळली की पुरे. पण साखर उतरल्यासारखी वाटली तर आडोसा शोधत बसू नका, असाल तिथे ग्लुकोज द्या. दुपारी छोटी हॉटेलं बंद असतात, म्हणून राजगिरा लाडू, चिक्की, खाकरे बरोबर हवेतच. प्रेक्षणीय ठिकाणंही रमजानमध्ये लवकर बंद होतात, तेव्हा सकाळीच निघा. इफ्तारच्या आधीचा तासभर कैरोत रस्त्यावर राहू नका. सगळं शहर एकदम घराकडे धावत असतं, गाड्या बेफाम असतात.

पाणी सीलबंद बाटलीचंच, दात घासायलाही. ओआरएस इथूनच न्या. नाईलच्या काठाला किंवा कालव्यात पाय बुडवून बसू नका. तिथल्या गोगलगायींमुळे बिल्हार्झिया या रोगाचे जंतू पाण्यात येतात आणि कातडीतून शरीरात शिरतात. मधुमेहाच्या पायांना तर जपायलाच हवं. वाळूत सँडल नको, बंद बूट आणि सुती मोजे घाला, रात्री तळवे तपासा.

प्रवास विमा घेताना आधीपासूनच्या आजारांना कव्हर आहे का ते लेखी विचारा. अँब्युलन्स १२३, पर्यटक पोलीस १२६.

प्रतिसाद

वरच्या ताईंनी औषधांचं सांगितलंच आहे. मी फक्त गुडघ्याबद्दल लिहितो. मोठ्या पिरॅमिडमध्ये वर चढणारा बोगदा जेमतेम सव्वा मीटर उंच आहे. कमरेत वाकूनच चढायचं, आत उकाडा, आणि मागे-पुढे माणसं असल्याने अधेमधे टेकायची सोय नाही. आईंना आत नेऊ नका. बाहेरून पिरॅमिड डोळे भरून बघता येतात.

अबू सिंबल अस्वानपासून २८० किलोमीटरच्या आसपास आहे. २२ तारखेला लोक पहाटेच्या अंधारातच रांगा लावतात. त्या दिवशी अस्वानहून जा-ये करू नका, आदल्या रात्री अबू सिंबल गावातच मुक्काम करा. तिथे हॉटेलं मोजकी आहेत, बुकिंग आत्ताच हवं. घडीचं स्टूल बरोबर घ्या.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. स्ट्रिप काढून बघितली, ट्रामाडोल ३७.५ मिग्रॅ लिहिलंय. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. अबू सिंबलच्या मुक्कामाचं आजच बघते. एकच राहिलं, लक्सरला बलूनमध्ये बसायचंही आईच्या मनात आहे. न्यावं का?

प्रतिसाद

नको. टोपलीच्या कडेवर पाय टाकून चढावं लागतं आणि उतरताना गुडघे वाकवून दणका सोसावा लागतो. शिवाय लक्सरलाच २०१३ मध्ये बलून पेटून १९ प्रवासी गेले होते. त्यापेक्षा त्या सकाळी टॅक्सीने हत्शेपसूतच्या देवळाशी जा, आकाशातले बलून तिथून आईंना आरामात दिसतील.