सेलेनोसिस्टीन (सेलेनियम असलेलं अमिनो आम्ल) मिळालं, पण रोटेशन (प्रकाशाचं प्रतल वळवणं) शून्य. कुठे चुकतंय?

निशिगंध:
शुद्ध बोक-एल-सेरीन मिथाइल एस्टरचं (बोक हा अमिनो टोकावरचा संरक्षक गट) टॉसिलेट केलं, म्हणजे त्यावर सहज सुटणारा गट बसवला. सेलेनियम आणि सोडियम बोरोहायड्राइडपासून डायसेलेनाइड (दोन सेलेनियम जोडलेला आयन) बनवून त्यात ते सोडलं, रात्रभर ढवळलं. पिवळं तेल मिळालं, मास स्पेक्ट्रममध्ये सेलेनियमचा पॅटर्नही आला. पण ऑप्टिकल रोटेशन जवळजवळ शून्य! तीनदा करून पाहिलं. पुढे हे पेप्टाइडमध्ये घालायचंय, रेसमिक (डावं-उजवं रूप समसमान मिसळलेलं) घेऊन काय करू?

जुनीप्रयोगशाळा:
माझे याच दगडावर तीन महिने गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

सेलेनियम बसलंय, पण आडवाटेने. बेस अल्फा हायड्रोजन (कार्बॉक्सिल गटाशेजारच्या कार्बनवरचा) ओढतो, टॉसिलेट सुटतं, डिहायड्रोॲलानिन बनतं, मग सेलेनियम त्या दुहेरी बंधावर येऊन बसतं. वस्तुमान तेच, हस्तता (डावं-उजवंपण) गेली. कॉलमआधीच्या प्रोटॉन एनएमआरमध्ये ५.७ आणि ६.२ पीपीएमच्या आसपास डिहायड्रोॲलानिनचे बारीक सिग्नल आहेत का, बघ. रेसमिक झालं असेल तर मेसो डायसेलेनाइडही (एक डावा आणि एक उजवा अर्धा जोडलेलं) बनतं, त्यामुळे सेलेनियम-७७ एनएमआरमध्ये अगदी शेजारी दोन सिग्नल दिसू शकतात.

टॉसिलेट सोडताना द्रावणाचा रंग कोणता होता? लालसर तपकिरी हवा. रंगहीन असेल तर बोरोहायड्राइड जास्त झालंय आणि तुझ्याकडे डायसेलेनाइड नाही, हायड्रोसेलेनाइड आहे.

मी शेवटी एस्टर सोडला आणि मोकळं बीटा-क्लोरो-एल-ॲलानिन पाण्यात, पीएच ९च्या आसपास वापरलं. कार्बॉक्सिलेटवर ऋणभार असला की अल्फा हायड्रोजन सहज सुटत नाही. बोक आणि एस्टर नंतर लाव. पुढे पेप्टाइड करताना सेलेनियमवर पॅरा-मेथॉक्सीबेंझिल हा संरक्षक गट बसवलास तरी एफमॉक (अमिनो टोकावरचा दुसरा संरक्षक गट) काढताना पिपेरिडिनमध्ये जास्त वेळ ठेवू नकोस, तिथेही हाच एलिमिनेशनचा (गट सुटून दुहेरी बंध बनण्याचा) घोळ होतो.

रबरीहातमोजे:
वर्कअपला (अभिक्रियेनंतर पदार्थ वेगळा काढताना) थेट ॲसिड ओतू नका. उरलेल्या सेलेनाइडमधून हायड्रोजन सेलेनाइड सुटतो आणि तो फार विषारी असतो. आधी फ्लास्कमध्ये हवा सोडून ते ऑक्सिडाइज होऊ द्या. लाल सेलेनियम खाली बसेल, ते गाळा. सगळं फ्यूम हूडमध्येच, बाहेर जाणारा वायू ब्लीचच्या ट्रॅपमधून.

निशिगंध:
जुना एनएमआर काढला. ५.७ आणि ६.२, दोन्ही आहेत! मी ते सॉल्व्हंटमधली घाण समजून सोडून दिले होते. आणि ताई, द्रावण रंगहीनच होतं. उद्या सेलेनियम नव्याने मोजून घेते आणि क्लोरोॲलानिनने सुरुवात करते.