व्हाइटस्पेसला मराठीत काय म्हणावं?

लातूर: आडत दुकानांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची मराठी माहितीपुस्तिका लिहायलोय. सेटिंगची फाइल एक्सएमएलमध्ये आहे, म्हणजे प्रत्येक माहिती कोनी कंसांतल्या नावांच्या (टॅगच्या) जोडीत लिहिलेली. बाजाराचं नाव, आडतीचा दर मुनीम नोटपॅडमध्ये उघडून बदलतात. व्हाइटस्पेससाठी, म्हणजे मजकुरातल्या स्पेस, टॅब, नव्या ओळी यांच्यासाठी, ‘रिकामी जागा’ लिहिलं होतं. आमच्याकडं सहज तोंडात येतं ते ‘खाली जागा’, पण ‘टॅगमध्ये खाली जागा सोडू नका’ म्हटलं की वाचणारा खालच्या ओळीकडं बघतो. दुसरा शब्द सुचवा.

परभणी: ‘खाली’ तर नकोच, ‘रिकामी’सुद्धा नको. रिकामं म्हटलं की तिथं काहीच नाही असं वाटतं. पार्सरला, म्हणजे एक्सएमएल वाचून प्रोग्रामला देणाऱ्या भागाला, मात्र तिथं अक्षरं मिळतात. १९९८ साली आलेल्या एक्सएमएल १.० मध्ये अशी चारच धरली आहेत: स्पेस, टॅब, लाइन फीड आणि कॅरेज रिटर्न (शेवटची दोन नव्या ओळीची). हे बघा:

<बाजार>
    लातूर
</बाजार>

आपण ‘लातूर’ वाचतो. पार्सर नवी ओळ, चार स्पेस, लातूर आणि पुन्हा नवी ओळ असा सगळा मजकूर प्रोग्रामच्या हाती देतो. तो न छाटता यादीतल्या ‘लातूर’शी ताडून पाहिला, तर जुळत नाही आणि पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब) निघत नाही. म्हणून मी ‘कोरी अक्षरं’ म्हणेन. कोरी असली तरी अक्षरंच.

अ‍ॅट्रिब्यूटची, म्हणजे टॅगच्या कंसातच अवतरणचिन्हांत लिहिलेल्या माहितीची, रीत वेगळी. दुकानाचा तीन ओळींचा पत्ता अवतरणचिन्हांत लिहिलात, तर पार्सर स्वतःच प्रत्येक नव्या ओळीच्या जागी स्पेस घालतो आणि पट्टीवर पत्ता एका ओळीत येतो. पत्ता टॅगच्या पोटात लिहायला सांगा.

नांदेड: ‘अदृश्य अक्षरं’ का नको? मुनिमाला लगेच कळेल.

परभणी: मराठीत तर मुळीच नको. ‘वऱ्हाड’ लिहिताना काही कीबोर्डांवर र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर ही जोडखूण असं टाइप होतं. हा जॉइनर अदृश्य आहे, पण व्हाइटस्पेस नाही. ‘अदृश्य अक्षरं काढून टाका’ असं वाचून कुणी खरोखर ती काढली, तर ‘वऱ्हाड’चं ‘वर्हाड’ होईल. गावांची आणि माणसांची नावं अशी बिघडलेली छापून येतात, ते बघवत नाही.

उलट वर्डमधून चिकटवलेली नॉन-ब्रेकिंग स्पेस (तिथं ओळ तुटू न देणारी) दिसायला हुबेहूब स्पेस, पण वरच्या चारांत ती नाही. जावा या प्रोग्रामिंग भाषेतलं कडा छाटायचं ‘ट्रिम’ तिला हात लावत नाही, नंतर आलेलं ‘स्ट्रिप’ही नाही. तिचा पुस्तिकेत वेगळा उल्लेख करा.

धाराशिव: शेतकऱ्यांना माहीत असलेला ‘नांगा’ चालेल का?

परभणी: शब्द छान आहे, पण इथं बसत नाही. बी उगवलं नाही तिथं नांगा पडतो; म्हणजे जे असायला हवं होतं ते नाही. दराचा टॅग आहे आणि आत दर नाही, त्याला नांगा म्हणा, मला आवडेल. मात्र त्याच टॅगमध्ये एक स्पेस पडली असेल, तर प्रोग्रामच्या लेखी तो रिकामा नाही. म्हणूनच दोन शब्द हवेत.

लातूर: पटलं. कोलॅप्सला काय म्हणू? स्कीमात (फाइलमध्ये काय, कसं असावं हे ठरवणाऱ्या नियमांत) व्हाइटस्पेससाठी प्रिझर्व्ह, रिप्लेस, कोलॅप्स असे तीन पर्याय आहेत.

परभणी: राखणे, बदलणे, आवळणे. आवळताना दोन्ही कडा छाटल्या जातात आणि मधल्या सलग कोऱ्या अक्षरांची एक स्पेस होते. बाजाराच्या नावाला आवळणेच लावा. ‘अहमदपूर’ आधी-नंतर स्पेस पडूनही ओळखलं गेलं पाहिजे. हे काम प्रोग्रामचं आहे, हंगामात रात्री उशिरापर्यंत पट्ट्या करणाऱ्या मुनिमाच्या डोक्यावर ते टाकू नका.

लातूर: मग पुस्तिकेत एवढंच ठेवतो: ‘नाव टॅगला चिकटून लिहा. चुकून कोरी अक्षरं राहिली तर सॉफ्टवेअर ती छाटेल.’ छाटायचा कोड आज घालतो.

परभणी: आणि एक ओळ वाढवा: एक्सएमएलच्या घोषणेच्या (फाइलच्या अगदी सुरुवातीच्या ‘?xml’ वाल्या ओळीच्या) आधी एकही कोरं अक्षर नको. तिथं छाटायची सोयच नसते, पार्सर सुरुवातीलाच चूक दाखवून थांबतो.