घाटात उलटी होईल या धास्तीने एसटीत बसवत नाही. काय करावं?

सखरपेकर
कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावर नियमित जावं लागणार आहे. आंबा घाटाच्या विचारानेच आदल्या रात्रीपासून पोटात ढवळतं, म्हणून उपाशीपोटी निघते. सगळ्यांसमोर उलटी होईल ही मुख्य भीती. आजवर एसटीत प्रत्यक्षात क्वचितच झाली आहे. गोळी घ्यावी की दुसरा काही उपाय आहे?

फार्मसी_कट्टा
ताई, आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. वळणं सुरू झाल्यावर मळमळ आणि सरळ रस्त्यावर आराम, म्हणजे गाडी लागते. गाडी स्टँडवर उभी असतानाच, किंवा आदल्या रात्रीच ढवळत असेल तर ती धास्ती. तुमच्यात धास्तीचा वाटा मोठा दिसतो.

गाडी लागण्यासाठी अ‍ॅव्होमिन (प्रोमेथाझिन) २५ मिलिग्रॅमची एक गोळी प्रवासाच्या एक-दोन तास आधी घेतात. घाटाच्या आधीचं मलकापूर गेल्यावर, मळमळ सुरू झाली की गोळी काढणं ही नेहमीची चूक. तोवर जठराचं काम मंदावलेलं असतं आणि गोळी वेळेत लागू पडत नाही. तिने झोप येते, म्हणून उतरल्यावर दुचाकी चालवू नका. काचबिंदू, गरोदरपण किंवा झोपेची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

उपाशी मात्र निघू नका. रिकाम्या पोटात आम्लाने मळमळ वाढते आणि ती धास्तीच्या खात्यात जमा होते. दीड-दोन तास आधी इडली किंवा भाकरीचा तुकडा, कमी तिखट. वडापाव आणि दुधाचा चहा टाळा.

घाटवाट
जागा फार महत्त्वाची. मागच्या चाकांच्या मागे गाडी सगळ्यात जास्त हेलकावते. पुढच्या तीन-चार रांगांत, समोरचा रस्ता दिसेल अशी सीट घ्या आणि नजर लांबच्या वळणावर ठेवा. मोबाईल बंद. खिडकीतून डोकं बाहेर काढू नका, समोरून ट्रक अगदी घासून जातात. पिशवी मात्र हातात तयार ठेवा.

मनोपचार_साताऱ्याहून
पिशवी हातात ठेवण्याला माझा विरोध आहे. हातात पिशवी असली की मेंदू दर मिनिटाला पोटाची चौकशी करतो, आणि लक्ष दिलं की मळमळ वाढतेच. पिशवी बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात असू द्या.

भीतीत अ‍ॅड्रेनलिन वाढतं, पचन थांबल्यासारखं होतं, म्हणून पोट जड वाटतं. छातीतून भरभर श्वास चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. हे उलटीचं लक्षण नव्हे. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पोट हलेल असा, पाच मिनिटं. हा सराव घरी आधी करा, घाटात पहिल्यांदा करून उपयोग नाही.

खरा उपाय पायरीपायरीने सवय करण्याचा. कोल्हापूर–पन्हाळा जाऊन-येऊन. मग मलकापूरपर्यंत. मग आंबा गावापर्यंत, घाट न उतरता. मग घाट उतरून साखरपा. प्रत्येक वेळी भीतीला ० ते १० गुण द्या. एकाच टप्प्यावर भीतीचा सर्वात वरचा आकडा निम्म्यावर येईपर्यंत पुढे जायचं नाही. भीती चढलेली असताना मध्येच उतरू नका. उतरल्यावर जो सुटकेचा आनंद होतो, तोच पुढच्या वेळची भीती पक्की करतो.

सखरपेकर
सरावाच्या फेऱ्यांत गोळी घेऊ का? आणि खरंच झाली तर?

मनोपचार_साताऱ्याहून
पन्हाळा, मलकापूर या फेऱ्या गोळीविना करा, नाहीतर सगळं श्रेय गोळीला जातं. घाट उतरायच्या पहिल्या फेरीला घेतलीत तर हरकत नाही.

झाली तर: एकात एक घातलेल्या दोन पिशव्या (घरी पाणी भरून गळते का बघा), तळाशी वर्तमानपत्राचा तुकडा, छोटा टॉवेल, अर्धा लिटर पाणी. कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा. चूळ भरा, दहा-पंधरा मिनिटं काही पिऊ नका, मग घोटघोट पाणी. शेजारचे लोक दोन मिनिटांत पुन्हा आपापल्या खिडकीकडे वळतात.

भीतीपायी जेवण तुटलं, वजन उतरलं किंवा प्रवासच बंद पडला तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

फार्मसी_कट्टा
आलेपाकाची वडी चघळायला हरकत नाही, पण तीही दर फेरीला ‘हवीच’ असं होऊ देऊ नका.