प्रति: नॅनो कॉन्ट्रास्ट अजून प्रयोगशाळेतच?

"नॅनोकणांचं कॉन्ट्रास्ट पेशंटपर्यंत यायला अजून दहा वर्षं" हे वरचं म्हणणं काही पटलं नाही. (कॉन्ट्रास्ट म्हणजे स्कॅनमध्ये अवयव ठळक दिसावेत म्हणून टोचतात ते औषध.) अहो, येऊन गेलंसुद्धा! लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण, म्हणजेच नॅनोकण, असलेलं फेरिडेक्स अमेरिकेत १९९६ मध्येच मंजूर झालं होतं. यकृतातल्या कुप्फर पेशी हे कण गिळतात, त्यामुळे एमआरआयमध्ये निरोगी यकृत काळवंडतं आणि या पेशी नसलेली गाठ पांढुरकी उठून दिसते. कल्पना झकास, पण पुढे उत्पादनच बंद पडलं.

त्याचाच चुलतभाऊ फेरुमॉक्सिटॉल २००९ मध्ये आला, तो मात्र किडनीच्या पेशंटांच्या अ‍ॅनिमियावरचं औषध म्हणून. किडनी फार खराब असेल तर काही प्रकारचं गॅडोलिनियम (एमआरआयचं नेहमीचं कॉन्ट्रास्ट) धोक्याचं, म्हणून काही डॉक्टर त्याऐवजी फेरुमॉक्सिटॉलच कॉन्ट्रास्ट म्हणून वापरू लागले. अ‍ॅलर्जीची जोरदार रिअ‍ॅक्शन येऊ शकते, त्यामुळे थेंबथेंब सलाइनमधून द्यायचं.

मी इथे अमेरिकेत एमआरआयवर काम करतो. एकदा एका आजोबांचं यकृत स्कॅनवर कोळशासारखं काळं आलं. आम्ही मशिनवर संशय घेत बसलो. शेवटी त्यांची मुलगी म्हणाली, "पंधरवड्यापूर्वी लोहाचं इंजेक्शन झालंय." फेरुमॉक्सिटॉलचा हा परिणाम तीन महिन्यांपर्यंत टिकू शकतो. स्कॅनच्या फॉर्मवर तेवढं लिहीत जा बुवा.